नानांची खतावणी

नानांना स्वतःला एकही आजार नाही. सत्तरी ओलांडली तरी साखर जागेवर, रक्तदाब जागेवर, दात स्वतःचे. एवढं आहारशास्त्र डोक्यात साठलेलं आणि ते चालवून बघायला घरात एक धड आजारी माणूस नाही, ही त्यांची खंत. सुरुवातीला त्यांनी काकूंवर काही प्रयोग करून पाहिले. पण काकू मूळच्या कवठेमहांकाळच्या. त्यांनी कारल्याच्या रसाचा पेला एकदाच नानांपुढे आपटला आणि विषय मिटला. तेव्हापासून नाना दुसऱ्यांच्या आजारांवर गुजराण करतात.

सांगलीत आमच्या गल्लीत कुणाच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी दिसली की तासाभरात नाना दारात. खांद्याला कापडी झोळी; त्यात जवसाची पूड, शेवग्याचा वाळवलेला पाला, मोड आलेल्या मेथ्यांची डबी आणि मोबाइलचा चार्जर, कारण सगळे पुरावे मोबाइलमध्ये असतात. ते आजाराचं नाव विचारत नाहीत. "सकाळी उठल्यावर पहिलं पोटात काय जातं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर काहीही द्या, ते हळहळतात. चहा म्हणालात तर हळहळतात, पाणी म्हणालात तर "गरम की कोमट?" विचारून मग हळहळतात.

नोकरीत असताना नाना सरकारी लेखापरीक्षक होते. तालुक्या-तालुक्यांतल्या कीर्द-खतावण्या तपासण्यात हयात गेली. व्हाउचर नसेल तर सव्वा रुपयाचा खर्च त्यांनी कधी मंजूर केला नाही. तपासणीच्या गावी यजमानाचा चहासुद्धा पीत नसत, मग जेवण दूरच. निवृत्त झाल्यावर हीच नजर लोकांच्या ताटांकडे वळली. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसले की आपल्या पानातली जिलबी आक्षेपाधीन होते.

काही वर्षांपूर्वी डॉ. दीक्षितांचं दोन वेळा पंचावन्न मिनिटांत जेवणं आणि ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं, अशा दोन तटांत अख्खा महाराष्ट्र विभागला गेला होता, तेव्हा नानांनी दोन्हीकडची दीक्षा एकदम घेतली. पंचावन्न मिनिटांत दोनदा भरपेट जेवायचे आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी थोडं थोडं खायचे. वजन वाढलं तेव्हा म्हणाले, "स्नायू आहेत."

ते आमच्या वडिलांचे मित्र. वडील गेले, नाना राहिले. त्यामुळे त्यांना दार बंद करण्याची सोय आमच्या घरात नाही.

आमच्या वहिनी हायस्कूलला गणित शिकवतात. एका सहामाहीच्या वह्या तपासताना त्यांच्या लक्षात आलं की एक डोळा झाकला तर लाल शाई लाल दिसते आणि दुसरा झाकला तर विटकरी. डोळा फिरवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर बदलला, काही फरक नाही. आणि मग काही आठवड्यांत ते आपोआप बरं झालं. पुढच्या वर्षी पाय बधिर झाले. शाळेच्या जिन्यात चप्पल पायातून निसटली आणि वहिनी पाच-सहा पायऱ्या तशाच, एका चपलेवर चढून गेल्या. मुलं हसली तेव्हा कळलं. मिरजेला एम.आर.आय. झाला, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असं निदान निघालं. घरात सगळे एम.एस. म्हणायला लागले, कारण पूर्ण नाव म्हणेपर्यंत आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

नानांच्या कानावर गल्लीतून एवढंच गेलं की वहिनींचं एम.एस. झालं. सातारी कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा घेऊन ते आले. "या वयात शिकायची जिद्द पाहिजे, सूनबाई! अमेरिकेत की ऑनलाइन?" दादाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. नाना मटकन खुर्चीत बसले. खरोखर डोळे भरून आले त्यांचे. मग डोळे पुसले, पेढ्यांच्या पुड्याला पुन्हा दोरा गुंडाळला, तो झोळीत ठेवला आणि म्हणाले, "आधी दूध बंद."

आजाराचं नाव त्यांना कळून चहा उकळेल एवढासुद्धा वेळ झाला नव्हता.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, विजेच्या वायरीवर रबर असतं तसं. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच त्या वेष्टणावर उलटतात. जिथे ते सोलवटतं तिथला संदेश अडखळतो. मग डोळा असेल, पाय असेल, लघवीवरचा ताबा असेल, ज्याच्या त्याच्या नशिबाने. फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टराने १८६८ साली याचं नीट वर्णन केलं, पण हे का होतं याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस गप्प बसेल. नानांना मात्र ही जागा रिकामी आहे एवढंच ऐकू आलं.

"मायलिन कशाचं असतं?" त्यांनी विचारलं.

"बरंचसं स्निग्ध पदार्थांचं," दादा म्हणाला. तो नुकताच वाचून आला होता.

"मग सरळ आहे. तूप कमी पडलंय."

आठवडाभर वहिनींच्या भातावर तुपाची धार धरली गेली. पुढच्या सोमवारी नाना धावत आले ते तुपाचं भांडं उचलायलाच. त्यांना डॉक्टर स्वँक सापडले होते.

रॉय स्वँक हे माँट्रियलला आणि पुढे अमेरिकेत ऑरेगॉनला काम केलेले मेंदूतज्ज्ञ. नॉर्वेत त्यांना असं आढळलं होतं की आतल्या शेतकरी भागात, जिथे लोणी-दूध-मांस भरपूर, तिथे हा आजार जास्त, आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांत कमी. त्यावरून त्यांनी रुग्णांना संपृक्त चरबी दिवसाला १५ ग्रॅमच्या आत ठेवायला लावली. मोठ्या चमचाभर तुपातच त्यातले आठ-नऊ ग्रॅम संपतात. पहिलं वर्षभर तांबडं मांस पूर्ण बंद, वर कॉड माशाच्या तेलाचा चमचा. १४४ रुग्णांचा ३४ वर्षांचा हिशेब त्यांनी १९९०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला: ज्यांनी पथ्य पाळलं ते पुष्कळ टिकले, ज्यांनी पाळलं नाही ते खालावले.

"चौतीस वर्षं!" नाना म्हणाले. "आणि डॉक्टर स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले."

"त्यांना एम.एस. होता?" वहिनींनी विचारलं.

"नव्हता. पथ्यामुळेच."

सांगलीत दूध बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. ज्या जिल्ह्यात म्हशीची चौकशी आधी आणि माणसाची नंतर होते, तिथे आमच्या घरचा रतीब थांबला. गवळ्याला वाटलं बिल थकलंय. रविवारचं मटण गेलं. नाना रत्नागिरीहून येणारे बांगडे मिरजेच्या बाजारातून घेऊन यायचे. त्यांना मासा ओळखता येत नसल्यामुळे ते बहुतेक वेळा नॉर्वेहूनच निघालेले असावेत असा वास यायचा.

पुढचा महिना एका नाटककाराने खाल्ला. रॉजर मॅकडूगल हे स्कॉटलंडचे नाटककार. त्यांना एम.एस. झाला, त्यांनी गहू आणि त्यातलं ग्लुटेन सोडलं, साखर कमी केली, आणि आपण पुन्हा चालायला लागलो असं जगाला सांगितलं. नाना जुने हौशी रंगकर्मी. भावे नाट्यमंदिरात त्यांनी एकदा प्रधानाचं काम केलेलं. "नाटककार माणूस खोटं कशाला बोलेल?" हा त्यांचा युक्तिवाद आणि तो त्यांनी अगदी गंभीरपणे केला. हा महिना आम्हाला जड गेला नाही. पोळी गेली, ज्वारीची भाकरी आली. आई तर खूश झाली.

मग आल्या टेरी वाल्स. अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉक्टर, त्यांना स्वतःलाच २०००मध्ये या आजाराचं निदान झालं. काही वर्षांत त्या चाकाच्या खुर्चीत गेल्या आणि मग आहार बदलून पुन्हा सायकल चालवायला लागल्या. ही गोष्ट खरी आहे आणि विलक्षण आहे. नानांनी ती सांगताना मध्ये त्या बाईंनी विजेच्या उपकरणाने स्नायूंना दिलेली चालना आणि केलेला व्यायाम एवढं गाळलं. कारण ते पोटात जात नाही. वाल्सबाईंचा आहार अश्मयुगीन माणसाच्या वळणाचा: दूध नाही, अंडी नाहीत, धान्यं-कडधान्यं जवळजवळ नाहीत, मांस चालतं, कलेजी तर हवीच, आणि रोज नऊ कप भाज्या. तीन कप पालेभाज्या, तीन कप कोबी-कांदा-मुळ्यासारख्या, तीन कप रंगीत.

"भाकरी बंद, वरण बंद, भात बंद," नानांनी जाहीर केलं. आई आत निघून गेली.

"मटण तुम्हीच बंद केलं होतंत," दादा म्हणाला.

"ते डॉक्टर वेगळे होते."

नऊ कप म्हणजे कोणते कप यावर एक संध्याकाळ गेली. नाना आमच्या बशीच्या कपाने मोजत होते. अमेरिकेतला कप पाव लिटरच्या आसपास असतो हे वहिनींनीच काढून दाखवलं. म्हणजे रोज दोन लिटरहून जास्त भाजी. त्यातला पाला निवडणार कोण, हा प्रश्न कुठल्याच आहारतज्ज्ञाने मनावर घेतलेला दिसत नाही. या आजारात सगळ्यात जास्त छळतो तो थकवा. झोपून जात नाही, विश्रांतीने पुरता भागत नाही. वर वहिनींच्या बोटांना मुंग्या. मेथीच्या चार जुड्या निवडून होईपर्यंत त्यांचा दिवस संपायचा. शेवटी दादा ऑफिसातून आला की टीव्हीपुढे चवळई निवडत बसायचा आणि पथ्याचा गुण नानांच्या नावावर लागायचा.

यानंतर ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज जेलिनेक आले. तेही डॉक्टर, त्यांनाही हाच आजार, त्यांच्या आई याच आजाराने गेलेल्या. त्यांचं म्हणणं मांस पूर्ण बंद, दूध बंद, मासे चालतील, आणि जवसाचं तेल. म्हणजे कलेजी गेली आणि जवस आलं. नानांची जवसाची चटणी फार चांगली असते, हे इथे कबूल करून टाकतो. लसूण हात राखून, तिखट हात सोडून. या सगळ्या प्रवासात आमच्या घराला कायमचा लाभ झाला असेल तर तिचाच.

नानांचं वाचन दांडगं, पण ते पुस्तकात जितकं असतं त्याहून थोडं पुढे जाऊन थांबतं. हा आजार विषुववृत्तापासून दूर, उत्तरेकडच्या थंड देशांत जास्त, हे त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी येऊन वहिनींचा पलंग फिरवला. "उत्तरेला डोकं करून झोपू नये हे आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितलेलं नाही." मुंबईच्या पारशी समाजाची ऐंशीच्या दशकात पाहणी झाली तेव्हा त्यांच्यात हे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरंच जास्त, लाखात वीसहून अधिक आढळलं होतं. नानांनी तत्काळ धनसाकला दोषी धरलं. आमच्या घरात धनसाक कधी शिजला नव्हता, तरी सावध राहायला सांगितलं. आणि २०२२मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून एपस्टाइन-बार विषाणूचा संबंध स्पष्ट झाल्याची बातमी त्यांच्या हाती लागली, तेव्हा तर ते मध्यरात्री फोन करायच्या बेतात होते. हा विषाणू लाळेतून पसरतो. "सूनबाई, लहानपणी कुणाची उष्टी कैरी खाल्ली होतीस?"

"वर्गातल्या सगळ्यांची," वहिनी म्हणाल्या.

हा विषाणू जगातल्या जवळपास प्रत्येक माणसाला कधी ना कधी गाठतो आणि त्यातल्या अगदी थोड्यांना पुढे एम.एस. होतो, हे त्याच बातमीत खाली होतं. नाना खालपर्यंत जात नाहीत. कीर्द तपासताना मात्र ते शेवटच्या पानावरच्या टिपेपासून सुरुवात करायचे.

मे महिन्यात 'ड' जीवनसत्त्वाची पाळी आली. रुग्णांच्या रक्तात ते बरेचदा कमी सापडतं, तेव्हा याला अगदीच आधार नव्हता असं नाही. पण नानांनी वहिनींना सांगलीच्या वैशाखात सकाळी अकराला गच्चीवर बसवलं आणि स्वतः सावलीत घड्याळ घेऊन बसले. थोड्या वेळात वहिनींना समोरचं पुसट दिसू लागलं, उठायला गेल्या तर पाय उचलेनात. दादाने उचलून खाली आणलं. पंखा, ओला टॉवेल, थंड पाणी. तासाभरात सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घाबरू नका, ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टराने १८९०मध्येच हे नोंदवून ठेवलंय. वेष्टण गेलेल्या नसेतून उष्णतेत संदेश नीट जात नाही. अंग निवलं की नस पुन्हा चालते. एकेकाळी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे म्हणे.

नाना त्या दिवशी फार शरमले. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "म्हणजे उष्ण पडलं! आधी सांगायचं नाही का?" मग गुलकंद, सब्जा, कोहळा, दुर्वांचा रस, वाळ्याचं पाणी. 'ड' जीवनसत्त्वासाठी आता ऊन नको म्हणून ते पुड्या घेऊन आले. साठ हजार युनिटची पुडी आपल्याकडे डॉक्टर साधारण आठवड्याला एक देतात. ब्राझीलमध्ये साओ पावलोचा कोणी डॉक्टर प्रचंड मात्रा देतो, हे ऐकून नानांनी रोज एक सुचवली. इथे दादाने पहिल्यांदा आवाज चढवला. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं खराब होतात. पुड्या परत गेल्या.

हे सगळं नाना एका चोपडीत लिहीत. लाल कापडी बांधणीची, लांबडी, जुन्या पेढीवर असते तसली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. वहिनी एके दिवशी जिना न धरता उतरल्या: 'ग्लुटेनत्याग, जमा.' पाय पुन्हा बधिर झाले: 'सूनबाईंनी हळदीकुंकवाला करंजी खाल्ली, नावे.' चोपडीभर हाच नियम होता. सुधारणा झाली की पथ्याच्या खात्यात जमा, बिघडलं की वहिनींच्या नावे. उभ्या नोकरीत असा हिशेब कुणी त्यांच्यापुढे ठेवला असता तर नानांनी त्या कारकुनाला निलंबितच केलं असतं.

गंमत अशी की हा आजार नानांसारख्यांसाठीच घडवल्यासारखा आहे. शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना तो सुरुवातीला येतो आणि जातो. झटका येतो, काही दिवस-आठवडे छळतो, आणि पुष्कळदा आपसूक ओसरतो, पूर्ण किंवा थोडं मागे ठेवून. माणूस नवीन पथ्य कधी धरतो? झटका जोरात असताना. त्यानंतर पुढे काय व्हायचं असतं? ओसरायचं. त्या दिवसांत कोहळा खाल्ला तर कोहळा जिंकतो, पलंग फिरवला तर पूर्वज जिंकतात. मधुमेहात असं चालत नाही. तिथे साखर मोजता येते आणि नाना तोंडावर पडतात. म्हणून मधुमेहींकडे ते अलीकडे फारसे फिरकत नाहीत.

आमच्या फ्रिजमध्ये मात्र मुख्य भांडण दुसरंच होतं. वहिनींना इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली होती. ती थंडाव्यात ठेवावी लागतात. गव्हांकुरांचा रस, सोललेला कोहळा आणि बांगडे यांच्या दाटीत ते खोकं रोज एक कप्पा खाली सरकत शेवटी भाजीच्या ट्रेमध्ये पोचलं. हे इंजेक्शन घेतल्या रात्री ताप-कणकण येते. सुरुवातीच्या महिन्यांत ते ठरलेलंच. नानांनी एकदा तो ताप पाहिला आणि हात जोडून म्हणाले, "सूनबाई, शरीर नको म्हणतंय. तीन महिने हे बंद ठेव, माझं ऐक. आता गुण येतोच आहे."

वहिनी अंगावर दुलई घेऊन बसल्या होत्या. पथ्याच्या बाबतीत त्या कधी वाद घालत नसत. भाकरी म्हटलं भाकरी, पाला म्हटलं पाला. त्या रात्री म्हणाल्या, "नाना, याचं व्हाउचर आहे."

"कसलं?"

"हे औषध अमेरिकेत १९९३ला मंजूर झालं. त्याआधी ३७२ रुग्ण घेतले. कुणाला खरं औषध, कुणाला नुसतं पाणी. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला ठाऊक, ना देणाऱ्याला. पूर्ण मात्रा ज्यांना मिळाली त्यांचे झटके पाणीवाल्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाले. फार मोठा आकडा नाही, पण पावती आहे. आणि एक सांगू? ज्यांना नुसतं पाणी टोचलं, त्यांचेही झटके आधीपेक्षा कमीच झाले. तुमचा कोहळा त्या पाण्याहून चांगला आहे, याची पावती दाखवा. उद्यापासून इंजेक्शन बंद."

नाना बराच वेळ चार्जरची वायर गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांची चोपडी मागून घेतली. चार दिवस ठेवून घेतली आणि मागच्या पानावर, वह्या तपासायच्या लाल पेनाने, लेखापरीक्षणाचे आक्षेप लिहिले. ते मी पाहिले आहेत. पहिला आक्षेप: डॉ. स्वँक यांच्या खात्यात तुलनेला दुसरं खातंच नाही. पथ्य सोडणारे पथ्य सोडल्यामुळे खालावले की खालावल्यामुळे पथ्य सोडलं, याचा खुलासा नाही. दुसरा: स्वँक आणि वाल्स यांचे आहार एकमेकांविरुद्ध, तरी २०२१च्या चाचणीत दोन्ही गटांचा थकवा कमी झाला, नेहमीचं जेवणारा तिसरा गट का ठेवला नाही? तिसरा: आतापर्यंतच्या सगळ्या आहारचाचण्यांचा २०२०मध्ये कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला, त्यात ठामपणे सांगण्याजोगा पुरावा मिळाला नाही; ही बाब चोपडीत दडवली आहे. चौथा: ज्या महिन्यात नाना काशीयात्रेला गेले होते आणि घरात कोणतंच पथ्य चालू नव्हतं, त्या महिन्यात सुधारणेच्या नोंदी सर्वांत जास्त आहेत; ही रक्कम कोणत्या खात्यात जमा करावी? पाचवा: करंजीबाबत पुरावा सादर करावा.

खाली: 'अनुपालन अहवाल मुदतीत द्यावा.'

नानांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, टिपांसकट. शेवटी पेन काढलं, चौथ्या आक्षेपासमोर 'मान्य' लिहिलं, करंजीसमोर 'आक्षेप वगळण्यास हरकत नाही' असं लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. "इतकी चांगली टिपणी आमच्या खात्यातसुद्धा कुणी काढत नव्हतं," म्हणाले. बाकीच्या तीन आक्षेपांना त्यांनी मुदतवाढ मागितली आहे. ती अजून चालू आहे.

वहिनी सध्या काय खातात असं विचाराल तर घरात शिजेल ते. डॉक्टरांनी सांगितलं भाजी-फळं जास्त, पाकिटातलं आणि तळलेलं कमी, वजन आटोक्यात, रोज झेपेल तेवढा व्यायाम, 'ड' जीवनसत्त्व तपासून मगच गोळी, आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला बाहेर काढा. यात नानांना रस वाटावा असं काही नाही. "हे तर कुणालाही सांगता येईल," ते तुच्छतेने म्हणतात. खरं आहे, कुणालाही सांगता येतं. तुपाची धार परत आली, पण बारीक. रतीब सुरू झाला. जवसाची चटणी आहेच.

एक गोष्ट नानांच्या चोपडीत कुठेच नोंदलेली नाही, म्हणून मी इथे लिहितो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरले आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. नानांनी ते शोधून काढलं. प्रमाणपत्राचा अर्ज त्यांनी भरला, कागद त्यांनी लावले, ज्या खिडकीवर 'उद्या या' म्हणाले तिथे नियमाचं कलम त्यांनी वाचून दाखवलं. शाळेने वहिनींना तळमजल्यावरचा वर्ग दिला तो त्या कागदावर. आणि परीक्षांच्या दिवसांत वहिनींचा डोळा दमला की नाना येऊन बसतात आणि गुणांच्या बेरजा करतात. चारशे उत्तरपत्रिकांत एकही चूक नसते. ही बेरीज चालू असताना त्यांच्यासमोर चकल्यांची ताटली ठेवली तरी त्यांचं लक्ष जात नाही. हात मात्र जातो.

तर नाना तुमच्याकडेही येतील. नाव वेगळं असेल, झोळी तीच असेल. त्यांना बसवा, चहा द्या. ते देतील ती चटणी ठेवून घ्या. घरात एखादा अडलेला सरकारी अर्ज असला तर तो आधी पुढे करा, दुपार सत्कारणी लागेल. पलंग फिरवून गेले तर संध्याकाळी परत फिरवून घेता येतो. फक्त फ्रिजमधलं इंजेक्शनचं खोकं त्यांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, आणि ते कधी थांबवायचं हे ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांनाच विचारा.